नौकेचा वेग आणि परतीचा मार्ग

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव येथे पूर शिरून माणसे अडकली. अशा प्रसंगी नौका हाच आधार असतो. तिच्यावर उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखविणारे जीपीएस यंत्र उपयोगी पडते. परंतु त्यावरील आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

हे यंत्र जमिनीच्या संदर्भातील वेग दाखविते, पाण्यातील नव्हे. समजा, गोदावरीत किंवा मांजरेत नौकेचा स्वतःचा वेग ताशी ८ किलोमीटर व प्रवाहाचा ५ किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर यंत्र १३ दाखवील, प्रवाहाविरुद्ध केवळ ३. जाताना १५ मिनिटांत कापलेल्या अंतरास परतताना ६५ मिनिटे लागतील. इंधन त्या हिशेबानेच घ्यावे.

प्रवाहाचा वेग काढण्यासाठी इंजिनाची गती न बदलता नौका थोडी वर व थोडी खाली चालवावी. दोन्ही आकड्यांतील फरकाचा निम्मा भाग म्हणजे प्रवाहाचा वेग होय.

निघण्यापूर्वी घाटाचे स्थान यंत्रात नोंदवावे. अंधारात वा धुक्यात परतीची दिशा सापडते. मात्र पाण्याखालील झाडे, कुंपणे व तारा यंत्र दाखवीत नाही. त्यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील अनुभवी मच्छीमारास बरोबर घ्यावे.