आधी एक बाजू संपू दे

रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डांच्या दोन्ही ट्रंका तू पुण्याला नेल्यास, बरं केलंस. मिरजेत त्या माळ्यावरच पडून राहिल्या असत्या. आता फोनवर विचारतेस, आत्या, तुझ्या आवडत्या रेकॉर्डांची यादी दे. देते. पण ऐकायचं कसं ते आधी सांगते. आमच्या वेळी रेकॉर्डाच कमी असायच्या, म्हणून काही सवयी आपसूक लागल्या. तुझ्या फोनमध्ये जगातलं सगळं गाणं आहे, तेव्हा तुला त्या ठरवून लावून घ्याव्या लागतील.

सुई ठेवली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही. ही सवय सगळ्यांत आधी लाव. एलपीच्या एका बाजूत वीस-बावीस मिनिटं मावतात आणि गवई त्या वेळाचा हिशोब करूनच गायलेला असतो: विलंबित किती, द्रुत कधी धरायची, ताना कुठे आवरायच्या. अमीर खाँसाहेबांची एलपी काढ, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर खाँसाहेब मुद्दाम टेकत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्यालाही टेकायला जागा मिळत नाही. ती बेचैनी हाच मारवा. पाचव्या मिनिटाला कंटाळून पुढे सरकलीस, तर जे ऐकायचं तेच हुकलं.

यातला विलंबित झुमऱ्यात आहे, चौदा मात्रांचा ठेका, आणि लय इतकी संथ की नवख्या माणसाला सम कधी आली ते कळतच नाही. पहिल्या खेपेला गाण्याकडे लक्षच देऊ नकोस, तबला ऐक. मांडीवर बोटांनी चौदा मोज. समेची जागा हाताला कळली की दुसऱ्या दिवशी मोजणं सोड आणि खाँसाहेब मुखडा घेऊन समेवर कसे येतात ते बघ. तिसऱ्या खेपेला फक्त सूर. एकाच वेळी सगळं ऐकायला गेलं की काहीच हाती लागत नाही. आणि दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी नकोत. मारवा दिवेलागणीला लाव, दरबारी मध्यरात्रीच्या सुमाराला. समयाचे नियम मानावेत की नाही यावर पंडितांना भांडू दे, मारव्यानंतर लगेच दरबारी लावली की दोन्ही फिकी पडतात एवढं मी कानांनी सांगते.

दुसऱ्या ट्रंकेत जुन्या ७८ च्या तबकड्या आहेत. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. पुष्कळ लोक म्हणतात, एवढ्यात राग काय मांडणार! मला हे पटत नाही. तीन मिनिटांची रेकॉर्ड म्हणजे मैफिलीचा कापलेला तुकडा नव्हे, ती कलाच वेगळी. आलापाची प्रस्तावना नाही, पहिल्याच सुरात रागाचा चेहरा दिसला पाहिजे आणि शेवटची सम तबकडी संपायच्या आत पडली पाहिजे. आपल्या मिरजेच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐक. लहानपणी ती रेकॉर्ड कानावर पडली आणि भीमसेन जोशींनी गाणं शिकायला घर सोडलं. साडेतीन मिनिटांत एवढं होतं.

केसरबाई केरकरांची भैरवीही त्याच मापाची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर आपल्याकडची ही एकच भैरवी आहे. याने उडाली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि केसरबाई गेल्या त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला. ही रेकॉर्ड लागोपाठ तीनदा लावायची. केसरबाईंचा आवाज कुठेही अर्धवट सुटत नाही, आकार शेवटपर्यंत भरलेला राहतो. आणि श्वास कुठे घेतात ते शोधून दाखव मला.

७८ बाबत आणखी एक. तबकडीवर ७८ लिहिलेलं असलं तरी जुन्या काळी रेकॉर्डिंगचा वेग नेमका तेवढाच असेल याची खात्री नसायची. वेग चढा लागला की पट्टी चढते आणि भरदार बाई चिमुकली मुलगी होऊन गाते. म्हणून आवाज माणसाचा वाटतो ना, हे आधी बघ. नंतर तंबोऱ्यावर किंवा फोनमधल्या तंबोऱ्यावर षड्ज लावून पट्टी ताडून बघ. इंटरनेटवर चढवलेल्या जुन्या रेकॉर्डांत तर हा घोळ फारच. चुकीच्या वेगाचं बालगंधर्व ऐकून त्यांच्या आवाजावर मत देणारे लोक मी पाहिलेत.

आता थोडं साफसफाईचं, ते पटकन उरकते. तबकडी कडेला आणि मधल्या लेबलाला धरायची, बोटं खाचांवर टेकवायची नाहीत. ठेवायची उभी, एकावर एक थप्पी लावून नाही. उन्हात किंवा गाडीत राहिली तर एलपी वाकते आणि वाकलेली सरळ होत नाही. एलपी पुसायला मऊ कापड आणि डिस्टिल्ड पाणी पुरे. मात्र ७८ च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नकोस, ती लाखेची असते आणि स्पिरिटात लाख विरघळते. एलपीची सुई ७८ वर चालवायची नाही, ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. टोनआर्मचा भार कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर दिलेला असतो, साधारण दीड-दोन ग्रॅम. आवाज घसरतो म्हणून वर नाणं चिकटवणारे महाभाग असतात, ते खाच खरवडून काढतात. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा कपाट अधूनमधून उघडं ठेव. ट्रंकेतल्या कॅसेटींना पांढरी बुरशी दिसली तर त्या टेपरेकॉर्डरमध्ये घालायच्याच नाहीत, हेडला लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल.

यादीकडे येते. सुरुवात प्रभा अत्र्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीपासून कर. मांडणी स्वच्छ, सरगम ठसठशीत, आवाज गोड पण गुळगुळीत नाही. राग कळत नसलेल्या माणसालाही ती एलपी आत घेते आणि कळणाऱ्यालाही पुरून उरते. तिच्यानंतर किशोरीताईंची बागेश्री आणि भूप. भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध. शाळेतल्या पेटीवर मुलं वाजवतात तो राग. तरी किशोरीताई गंधारावर थांबतात तेव्हा तो गंधार आपण आधी कधी ऐकलाच नव्हता असं वाटतं. यावर एक गृहपाठ देते. देसकार शोध, कुणाही चांगल्या गवयाचा चालेल. स्वर तेच पाच, पण तिथे धैवताचं राज्य आणि वेळ सकाळची. दोन्ही ऐकून झाल्यावर डोळे मिटून कुणाला तरी एक लावायला सांग आणि ओळख. हे जमलं की राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे तुला पुस्तकाशिवाय कळलं.

किशोरीताई ऐकून झाल्या की त्यांच्या आईकडे वळ, मोगूबाई कुर्डीकर. लेकीला ऐकून आईकडे गेलं की शिस्त कुठून आली ते दिसतं. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या खुणा वर येतात.

जी. एन. जोशी हे नाव लक्षात ठेव. लोक त्यांना भावगीत गायक म्हणून ओळखतात. पण हा माणूस एचएमव्हीत बसून पुढे कितीतरी मोठ्या गवयांना मायक्रोफोनपुढे आणत राहिला. रेकॉर्डिंगच्या नावाने नाराज असलेल्या उस्तादांची मनधरणी करणं हे काही सोपं काम नव्हे. आपल्या संग्रहातल्या निम्म्या चांगल्या रेकॉर्डांमागे असा पडद्याआडचा कुणीतरी असतो. कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचत जा, तबल्याला कोण, सारंगीला कोण, रेकॉर्डिंग कुणाचं. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ जोशींच्याच देखरेखीखाली झाली: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे, अहीर भैरवाने उजाडतो आणि पहाडीवर संपतो. आता सांग, ही फोनवर उलटसुलट क्रमाने लावली तर सकाळ कुठे आणि रात्र कुठे? फोनमधलं ते शफल आधी बंद कर. आणि दोन गाण्यांमध्ये आवाज एकमेकांत मिसळवण्याची सोय असते, तीही बंद.

फोनवर आणखी एक गफलत होते. जुन्या एलपीतले विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे वेगवेगळे चढवलेले असतात, आणि तू द्रुतच ऐकतेस, कारण ती लहान आणि चटकदार. जेवणात नुसती चटणी खाल्ल्यासारखं आहे ते. विलंबितानंतर द्रुत आली की तिचा वेग अंगावर येतो, एरवी ती नुसती घाई.

गीतरामायणाबद्दल सांगायचं राहिलंच. छपन्न गाणी सलग लावून बसणारे भाविक आहेत, मी त्यातली नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा आठवड्याला एकच नवं गाणं यायचं. गदिमा लिहीत, बाबूजी चाल लावत आणि लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत. तूही तसंच ऐक, रामनवमीला सुरू कर आणि आठवड्याला एक. वर्षभर पुरतं. आकाशवाणीवर निरनिराळे गायक-गायिका होते, रेकॉर्डांवर सगळी गाणी बाबूजींच्याच आवाजात आहेत. माणिक वर्मांच्या आवाजातलं काही सापडलं तर सोडू नकोस.

कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ जरा उशिरानेच काढ. आधी बालगंधर्वांच्या मूळ ७८ ऐकून घे, निदान दोन महिने त्यांच्यातच राहा. मग कुमारांनी त्याच पदांत काय उचललं आणि काय सोडलं ते दिसेल. बालगंधर्वांचा आवाज त्यांनी काढून दाखवलेला नाही, त्यांचा विचार गाऊन दाखवला आहे. नक्कल ऐकायच्या तयारीने बसणाऱ्यांची तिथे निराशा होते. माझ्या मते मराठीत संगीतावर लिहिलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा ती रेकॉर्ड मोठी.

सध्या मी काय ऐकते, हेही तू विचारलंस. अब्दुल वहीद खाँसाहेबांची दरबारी. त्यांनी बाजारासाठी रेकॉर्डा केल्या नाहीत, रेडिओवरचं थोडंसं ध्वनिमुद्रण तेवढं उरलं. आवाज खरखरीत, मागे सतत सूंऽऽ असा नाद. पहिली काही मिनिटं कान त्या खरखरीकडेच जातात, नंतर ती ऐकू येईनाशी होते. ही दरबारी ऐकून पुन्हा अमीर खाँसाहेबांच्या दरबारीकडे गेलं की त्यांनी संथ लय कुणाकडून उचलली ते उमगतं. रात्री झोप येत नाही तेव्हा एकदा ही लावते, एकदा ती. वय झाल्यावर नवीन काही ऐकवत नाही म्हणतात, तसं नाही. आवडेल त्याच्या मागे एक पिढी गेलं की नवीनच सापडतं.

विकत घ्यायच्या भानगडीत पडलीस तर चोरबाजारात काय किंवा जुन्या बाजारात काय, कव्हरवर भाळू नकोस. तबकडी बाहेर काढ, उजेडात तिरपी धर, केसासारख्या रेघा चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही. कव्हरमध्ये भलतीच रेकॉर्ड असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जी रेकॉर्ड सहज मिळते तिला दुर्मीळ म्हणून दाम लावतात, त्याला हसून पुढे जायचं. ७८ च्या बाबतीत शंका असली तर मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनी छापलेलं काही मिळतं का बघ, तारखा आणि नंबर त्या मंडळींनी नेटाने जमवलेत.

एक वही ठेव. तारीख, काय ऐकलं, कितव्यांदा, आणि एकच वाक्य. ‘छान’ लिहायचं नाही, कुठली जागा ते लिहायचं. आणि वर्षातून निदान एकदा समोर बसून गाणं ऐक. उरुसाला मिरजेला ये, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गवई हजेरी लावतात, तिकीट नाही.

आणि रेकॉर्ड कुणाला उसनी द्यायची नाही, कितीही जवळचा असला तरी. ऐकायची असेल त्याला घरी बोलाव, चहा कर आणि पूर्ण बाजू ऐकव.