गृहपाठ आणि अवांतर वाचन

भाषेच्या गृहपाठात शुद्धलेखनाची चूक आढळली की, 'हा शब्द दहा वेळा लिहून आण', असे सांगून आपण मोकळे होतो. हा उपाय कितपत पुरा पडतो, ह्याचा विचार स्पॅनिश भाषेच्या उदाहरणावरून करू.

स्पॅनिशमध्ये स्वरध्वनी पाचच असून लिहिलेल्या शब्दाचा उच्चार बहुधा ठरलेला असतो. त्यामुळे मुलांना अक्षरे लावून वाचणे फारसे जड जात नाही. अडचण येते ती लेखनात. 'ओला' ह्या एकाच उच्चाराचे दोन शब्द त्या भाषेत आहेत. एकाचा अर्थ लाट. दुसरा भेटीच्या वेळी अभिवादनार्थ म्हणावयाचा. दुसऱ्याच्या आरंभी 'एच' हे अक्षर लिहितात, परंतु उच्चारीत नाहीत. श्रुतलेखनात येथे कानाचे साहाय्य होत नाही. ज्याने ते शब्द वाक्यांत वारंवार पाहिले असतील, त्याच्याच हातून ते बिनचूक उतरतात. आपल्या 'दिन' आणि 'दीन' ह्या शब्दांचीही हीच गोष्ट नव्हे काय?

तेव्हा शुद्धलेखनाचे मूळ वाचनात आहे. परंतु घरी पुस्तकच नसेल तर? स्पॅनिशभाषी कोलंबिया देशातील ला ग्लोरिया गावचे प्राथमिक शिक्षक लुईस सोरियानो ह्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. १९९० नंतरच्या दशकात स्वतःजवळची ७० पुस्तके दोन गाढवांवर लादून ते आसपासच्या वस्त्यांवर जाऊ लागले. गाढवांची नावे 'आल्फा' व 'बेतो'. दोन्ही जोडली की 'वर्णमाला' ह्या अर्थाचा स्पॅनिश शब्द होतो. वस्तीवर मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, गृहपाठात मदत करावी आणि पुस्तक घरी वाचावयास द्यावे, असा त्यांचा क्रम. वाट निर्धोक नव्हती. एकदा लुटारूंनी त्यांना अडवले. जवळ पैसे नाहीत असे पाहून झाडाला बांधले आणि एक कादंबरी तेवढी नेली! पुढे एका लेखकाने आकाशवाणीवरून ह्या कार्याची माहिती दिली, तेव्हा लोकांकडून पुस्तके येऊ लागली. २००८ पर्यंत संग्रह सुमारे ४,८०० पुस्तकांचा झाला.

आपल्या शाळेत पुढील गोष्टी सहज करता येतील :

(१) चुकलेला शब्द नुसता गिरवून न घेता, तो ज्यांत आला आहे अशी दोन वाक्ये पुस्तकांतून शोधून आणण्यास सांगावे.

(२) शनिवारी प्रत्येक मुलास एक पुस्तक घरी द्यावे व त्याची नोंद वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे सोपवावी. पुस्तक फाटेल ह्या भीतीने कपाट बंद ठेवू नये.

(३) सोमवारी प्रश्न विचारून परीक्षा न घेता, वाचलेली गोष्ट मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्यावी.

(४) आईवडील निरक्षर असले तर मुलाने त्यांना रोज एक पान वाचून दाखवावे. घरात ऐकणारे कोणी असले म्हणजे वाचणाऱ्यास हुरूप येतो.

७० पुस्तके ही काही मोठी संख्या नव्हे. आपल्या शाळेच्या कपाटात किती पुस्तके आहेत आणि त्यांपैकी ह्या महिन्यात किती मुलांच्या घरी गेली, एवढे शिक्षक बंधुभगिनींनी एकदा मोजून पाहावे.