मत्स्यशोधक यंत्र : बसवणी व पडद्याचे वाचन

मत्स्यशोधक यंत्राचा पडदा प्रथमच पाहणाऱ्या तांडेलाची समजूत अशी होते की, नौकेखालचे पाणी उभे कापून आपल्यापुढे मांडले आहे. या समजुतीपायी जाळे भलत्या जागी पडते व डिझेल वाया जाते. पडदा हे चित्र नसून ती एक नोंदवही आहे. ताजी नोंद उजव्या कडेला उमटते व जुन्या नोंदी डावीकडे सरकत जातात. या क्षणी नौकेखाली काय आहे, हे केवळ उजवी कड सांगते. पडद्याच्या डाव्या बाजूस दिसणारा थवा मागे राहिलेला असतो.

नौकेच्या तळाशी बसविलेला संवेदक पाण्यात ध्वनी सोडतो व त्याचा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. म्हणजे ३० मीटर खोल तळावरून तो ०.०४ सेकंदात परत येतो. हा ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. शंकू २० अंशांचा असल्यास ३० मीटर खोलीवर त्याचा व्यास सुमारे साडेदहा मीटर भरतो. या वर्तुळात मासा डावीकडे आहे की उजवीकडे, हे साध्या यंत्रावरून कळत नाही. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी उथळ पाण्यात बारीक तपशील दाखवितो. ५० किलोहर्ट्झचा अधिक खोल जातो, परंतु तपशील पुसट होतो.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना संवेदक बसविणे सोयीचे. बुडबुडे हा त्याचा मोठा शत्रू होय. म्हणून तो पंख्यापासून दूर, पाणी संथ वाहते अशा जागी बसवावा. नौका चालू असता त्याचे तोंड सरळ खाली राहिले पाहिजे. त्याची तार इंजिनाच्या तारांबरोबर बांधू नये. संवेदक पाण्याच्या पातळीखाली जितका असेल तितके अंतर यंत्रात भरावे, अन्यथा खोली तेवढी कमी दिसते.

खोलीचा पल्ला असा ठेवावा की तळाची रेषा पडद्याच्या खालच्या भागात येईल. नंतर ‘गेन’ हळूहळू वाढवावा. पडदाभर बारीक ठिपके दिसू लागताच ते जेमतेम नाहीसे होईपर्यंत तो कमी करावा. गेन फार कमी असल्यास मासे लपतात. फार वाढविल्यास सारा पडदाच मासळीने भरल्यासारखा दिसतो!

खडकाळ तळाची रेषा ठळक असून तिला खाली लांब शेपूट असते. कित्येकदा दुप्पट खोलीवर दुसरी रेषा उमटते. तो दुसरा तळ नव्हे; ध्वनी दोनदा जाऊन-येऊन झालेली ती पुनरावृत्ती होय. चिखलाची रेषा फिकट असते. जाळे फाटू नये म्हणून एवढे वाचन आले तरी यंत्राचा पुष्कळ उपयोग झाला.

मासा शंकूत शिरताना दूर, मध्यभागी जवळ व बाहेर पडताना पुन्हा दूर असतो. म्हणून त्याची खूण कमानीसारखी उमटते. नौका स्थिर असेल तर एकच स्थिर मासा लांब रेघ काढतो. खुणेची लांबी ही वेळेची असते, माशाची नव्हे. ज्याला मच्छीमार भोत म्हणतात, त्या पोटातील वायूच्या पिशवीवरून ध्वनी जोराने परततो. म्हणून घोळीची खूण स्पष्ट दिसते, तर भोत नसलेल्या मुशीची तिच्या आकाराच्या मानाने फिकी दिसते. जवळच्या नौकेचे यंत्र चालू असल्यास तिरप्या तुटक रेघा येतात. यंत्र स्वतः माशांची चित्रे काढत असल्यास ती सोय बंद ठेवावी, कारण ते बुडबुड्यांनाही मासा ठरविते.

डोल जाळे एकाच जागी बांधलेले असल्याने केवळ मासळी शोधण्यासाठी त्या मच्छीमाराने यंत्रावर खर्च करण्याचे फारसे प्रयोजन नाही. इतरांना शिकविताना ग्रामसेवकाने प्रथम ओळखीच्या जागी नेऊन दोरीला शिसे बांधून खोली मोजवून घ्यावी व ती पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावी. पुढे प्रत्येक ओढीनंतर पडद्यावर काय दिसले व जाळ्यात काय आले, हे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवण्यास सांगावे.