शिकागो येथील एक जलसा



गेल्या पावसाळ्यांत संगीताच्या तासाला मीं दहावीच्या वर्गास एका पाश्चात्य वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण ऐकविलें. कर्त्याचें नांव मुद्दामच अगोदर सांगितलें नव्हतें. तिसरा भाग सुरू झाला तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलीनें आपल्या मांडीवर हलकेच ठेका धरला, आणि माझी नजर गेल्याबरोबर ती ओशाळली. ओशाळण्याचें वास्तविक कांहीं कारण नव्हतें. ती जें करीत होती त्याच क्रियेंतून तो भाग जन्मास आला होता, आणि हें तिला कोणीं सांगितलेलें नव्हतें. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहून गेलें तें येथें लिहितों.

ती रचना म्हणजे फ्लॉरेन्स प्राइस या अमेरिकन बाईंची ई मायनर स्वरांतील पहिली सिंफनी. सिंफनी हा शब्द पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. तरी थोडक्यांत सांगतों. मोठ्या वाद्यवृंदानें, बहुधा गायनावांचून, लिहिलेल्या स्वरलिपीबरहुकूम वाजवावयाची ही रचना असते, व तिचे साधारणतः चार भाग असतात. आपल्या मैफलींत गवई बसल्या बैठकीला राग फुलवितो. तेथें प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर अगोदर कागदावर उतरलेला असतो. यावरून एक गोष्ट निघते, आणि ती ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे एक वही हरवली म्हणून भूप किंवा मालकंस हरवत नाहीं. तेथें कागद हरवला कीं कृति गेली. इतकेंच नव्हे, तर कागद जवळ असूनहि साठसत्तर वादक, एक सभागृह व त्यांचा खर्च यांची सोय झाली नाहीं तर ती कृति जन्मभर मुकीच राहते. कवीला निदान चार मित्रांपुढें कविता म्हणून दाखवितां येते. सिंफनी लिहिणाऱ्याला तीहि सवलत नाहीं. वाद्यवृंद ज्यांच्या हातीं, त्यांच्या मर्जीवांचून त्याला स्वतःची कृतिसुद्धां कानांनीं ऐकावयास मिळत नाहीं.

प्राइसबाई कृष्णवर्णीय होत्या. त्यांचे पूर्वज ज्या लोकांपैकीं, त्यांच्या दास्याची वार्ता महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना गौरवपूर्वक अर्पण केलेलें आहे. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६५ सालीं. फुल्यांनीं केलेला तो गौरव यथार्थच होता. परंतु कायद्यानें बेडी तुटली तरी पुढें काय झालें, हें समजण्यास प्राइसबाईंचें चरित्र पाहावें.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजीं आर्कान्सॉ प्रांतांतील लिट्ल रॉक या शहरीं झाला. वडील दंतवैद्य, आई संगीताची शिक्षिका. मुलगी बुद्धिमान निघाली म्हणून तिला बोस्टन येथील प्रसिद्ध संगीत विद्यालयांत पाठविली. पण तेथें नांव घालतांना आईनें तिचें गांव मेक्सिकोंतील म्हणून लिहविलें! रंग जरा उजळ असल्यामुळें ती मेक्सिकन म्हणून खपून जाईल व तिचा छळ होणार नाहीं, ही आईची अटकळ. मुलीच्या भल्यासाठीं तिचें गांवच पुसून टाकावें लागलें, तेव्हां त्या माउलीस काय वाटलें असेल? १९०६ सालीं ऑर्गनवादन व पियानोशिक्षण या दोहोंत पदविका मिळवून त्या परत आल्या, शिक्षिका झाल्या, पुढें विवाह झाला. परंतु त्यांच्याच प्रांतांतील संगीतशिक्षकांच्या मंडळानें वर्णाच्या सबबीवर त्यांना सभासद करून घेतलें नाहीं. १९२७ च्या मे महिन्यांत लिट्ल रॉक येथें जमावानें एका कृष्णवर्णीय माणसास न्यायाधीशापुढें उभेंहि न करतां ठार मारलें व त्याच्या देहाची विटंबना केली. त्याच सालीं प्राइस कुटुंबानें गांव सोडून शिकागोची वाट धरली.

शिकागोंत पुढें पतीशीं काडीमोड झाली. दोन मुलींचा सांभाळ अंगावर पडला. बाई शिकवण्या करीत, सिनेमागृहांत मूकपटांना ऑर्गनची साथ करीत, आकाशवाणीसाठीं किरकोळ रचना करून देत. अशांत एकदां त्यांचा पाय मोडला व घरीं बसावें लागलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यांना लिहावयास थोडे सलग दिवस सांपडले. आणि एका पत्रांत त्यांनीं थट्टेनें लिहिलें कीं, पाय मोडण्याचें असें भाग्य आपल्याला पुन्हां केव्हां लाभणार कोण जाणे. आमच्या पालकवर्गांतील मातांना या थट्टेचा अर्थ मीं उलगडून सांगावयास नको.

याच सुमारास ही सिंफनी लिहिली गेली. १९३२ सालीं तिला वॅनामेकर स्पर्धेचें ५०० डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळालें. शिकागो सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक फ्रेडरिक स्टॉक यांनीं ती वाजविण्याचें ठरविलें, आणि १५ जून १९३३ रोजीं ऑडिटोरियम थिएटरमध्यें तिचा पहिला प्रयोग झाला. त्या वर्षीं शिकागोंत ‘प्रगतीचें शतक’ या नांवाचें जागतिक प्रदर्शन भरलें होतें, त्याच निमित्तानें हा जलसा होता. त्याचें नांव ‘संगीतांतील नीग्रो’. (हा शब्द त्या काळीं सर्वत्र रूढ होता, आज सभ्य माणसें तो वापरीत नाहींत, म्हणून विद्यार्थ्यांनींहि वापरूं नये.) अमेरिकेंतील अग्रगण्य वाद्यवृंदानें कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजविण्याचा हा पहिलाच प्रसंग.

या जलशाच्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली ही कीं, हा जलसा घडून यावा म्हणून मॉड रॉबर्ट्स जॉर्ज या कृष्णवर्णीय बाईंनीं २५० डॉलर भरले. त्या शिकागोंतील त्यांच्याच समाजाच्या वृत्तपत्रांत संगीतावर लिहीत असत. देशभर मंदीनें लोक हवालदिल झाले असतांनाची ही रक्कम आहे. मानाचें दार उघडलें खरें, पण त्याची किल्ली बाहेर उभ्या असलेल्यांनींच पैसे मोजून आणली होती. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. त्या संध्याकाळीं पहिली रचना वाजली ती जॉन पॉवेल यांची. हे गृहस्थ व्हर्जिनिया प्रांताचे; १९२४ सालीं तेथें गौरवर्णीयांनीं अन्य वर्णीयांशीं विवाह करूं नयेत असा जो कडक कायदा झाला, त्याच्या पुरस्कर्त्यांत हे अग्रभागीं होते. ज्यांच्या गौरवासाठीं जलसा, त्यांना कमी लेखणाऱ्याच्या संगीतानें त्याचा आरंभ व्हावा! संयोजकांच्या हें ध्यानांत आलें नसेल, असें म्हणावेंसें वाटतें. पण ध्यानांत न येणें हाच तर रोग होता.

त्यानंतर मात्र रात्र फिरली. गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांच्या पोटीं आलेले गायक रोलंड हेस गायले. प्राइसबाईंची शिष्या मार्गारेट बाँड्स, वय अवघें वीस, पियानो घेऊन वाद्यवृंदासह बसली. आणि गुरूची सिंफनी वाजली.

आतां ती ऐकावी कशी तें सांगतों. आरंभीं बॅसून नांवाचें खर्जांतील लाकडी वाद्य एकटेंच एक चाल वाजवितें. ती पांचच सुरांत फिरते, त्यामुळें आपल्या कानाला फारशी परकी वाटत नाहीं. ही चाल प्राइसबाईंनीं कोठून उचललेली नाहीं. आपल्या लोकांच्या गीतांच्या वळणावर त्यांनीं ती स्वतः रचली. हा भाग लांब आहे. प्रथम ऐकणाऱ्यानें त्यांत हरवल्यास चिंता करूं नये, ती चाल पुनःपुन्हां भेटत राहते.

दुसरा भाग संथ. पितळी वाद्यें मिळून उपासनेंतील स्तोत्रासारखी एक चाल वाजवितात, व ओळ संपली कीं इतर वाद्यें तिला उत्तर देतात. गुलामांच्या उपासनेंत एकानें ओळ म्हणावी व मंडळीनें ती झेलावी अशी रीत होती. आपल्याकडील कीर्तनकार व झिलकरी यांची येथें आठवण होईल. स्तोत्राखालीं आफ्रिकी पद्धतीचे ढोल हळूंच बोलत असतात, आणि शेवटीं शेवटीं घंटा ऐकूं येतात. बाई आयुष्यभर ऑर्गन वाजविणाऱ्या. हा भाग त्यांच्या बोटांतूनच उतरला आहे.

आणि आतां तो तिसरा भाग. त्याचें नांव ‘जुबा’. हें नांव एका नृत्याचें आहे व त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. १७३९ सालीं दक्षिण कॅरोलिना वसाहतींत गुलामांनीं उठाव केला. ते ढोल वाजवीत, आणखी माणसें गोळा करीत चालले होते. उठाव मोडल्यावर १७४० सालीं जो कायदा झाला त्यांत गुलामांना ढोल बाळगण्याची मनाई करण्यांत आली. ढोलाच्या बोलांतून ते एकमेकांस निरोप पाठवितील, ही मालकांना धास्ती. मग ढोल गेले. तेव्हां या लोकांनीं आपल्या देहाचाच ढोल केला. मांडीवर थाप, छातीवर थाप, टाळी, पायाचा आघात. एकानें ठेका द्यावा व बाकीच्यांनीं नाचावें. हा ढोल कोणाला जप्त करतां येईना. घरीं हातांनीं करून पाहावें: डाव्या पायानें समान अंतरावर एक, दोन, एक, दोन असा ताल धरा, आणि उजव्या हातानें थाप मारा ती पायाच्या आघातावर नव्हे, दोन आघातांच्या मधल्या रिकाम्या जागीं. जमावयास दोन दिवस लागतील. आमच्या मुलींना झिम्म्याच्या सवयीनें तें मुलांच्या आधीं जमतें, असा माझा अनुभव आहे.

युरोपांतील थोर रचनाकारांच्या सिंफनींत तिसऱ्या भागाच्या जागीं बहुधा दरबारी नाच किंवा चपळ, खेळकर रचना असते. त्या मानाच्या जागीं प्राइसबाईंनीं मळ्यावरच्या गुलामांचा नाच आणून बसविला. भाषण नाहीं, तक्रार नाहीं, शब्द तर एकहि नाहीं. व्हायोलिनें उड्या मारीत असतात, मधूनच एक शीळ खट्याळपणें वाजते, आणि ज्या ढोलांस कायद्यानें बंदी झाली होती ते शिकागोच्या भव्य रंगमंदिरांत राजरोस वाजतात. चौथा भाग धांवता व छोटा आहे, त्याविषयीं विशेष लिहीत नाहीं.

अन्यायाविषयीं संगीतानें उघडपणेंहि बोलतां येतें. विल्यम ग्रँट स्टिल हे प्राइसबाईंचे समकालीन. त्यांचें बालपणहि लिट्ल रॉक येथेंच गेलें. झुंडीनें केलेल्या हत्येवर त्यांनीं रचलेली कृति १९४० च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका खुल्या रंगभूमीवर प्रथम सादर झाली. तींत दोन गायकसमूह होते, एक गौरवर्णीयांचा व एक कृष्णवर्णीयांचा. पहिला झुंडीचा आवाज, दुसरा शोकाचा. आणि मारल्या गेलेल्याच्या आईचें गाणें एकटीचें. अखेरीस दोन्ही समूह एकत्र गातात. ऐकणाऱ्याला तेथें तोंड फिरवावयास जागाच ठेवलेली नाहीं. कोणती रीत श्रेष्ठ, असें वर्गांत विचारण्यांत आलें. मला उत्तर देतां आलें नाहीं व अजूनहि देतां येत नाहीं. मात्र जुबा ऐकल्यावर पाय हलतो आणि स्टिल यांची कृति ऐकल्यावर तो गोठतो, एवढें सांगतों.

शिकागोच्या जलशास टाळ्या पडल्या, वृत्तपत्रांनीं वाखाणणी केली, एका समीक्षकानें कृति निर्दोष ठरविली. ९ एप्रिल १९३९ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, वॉशिंग्टन येथें लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर मेरियन अँडरसन गायल्या, कारण वर्णामुळें त्यांना शहरांतील मोठें सभागृह नाकारण्यांत आलें होतें. त्या दिवशींच्या गीतांत एक प्राइसबाईंनीं बसविलेलें होतें. समोर पंचाहत्तर हजार माणसें होतीं. आणि योगायोग असा कीं तो बाईंचा वाढदिवस होता. येवढें सगळें खरें. पण सिंफनीचें काय? पहिला प्रयोग म्हणजे पाहुणचार. पाहुणचार एका रात्रीचा असतो. घरांत जागा मिळाली असें केव्हां म्हणावें, तर पुढच्या वर्षीं, त्याच्या पुढच्या वर्षीं, कांहीं निमित्त नसतांना कृति वाजते तेव्हां. तें घडलें नाहीं. १९४३ सालीं बाईंनीं बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना पत्र लिहिलें. आरंभींच त्यांनीं सांगून टाकलें कीं आपल्यापाशीं दोन उणिवा आहेत, एक स्त्रीजन्माची व दुसरी वर्णाची. आणि मागणें एवढेंच केलें कीं, दया नको, सवलत नको, कृति गुणांवर पारखावी. त्यांनीं अनेकदां लिहिलें. कुसेवित्स्की यांनीं त्यांची एकहि रचना वाजविली नाहीं. ३ जून १९५३ रोजीं बाई वारल्या.

आतां त्या कागदाची गोष्ट, जी मीं ध्यानांत ठेवावयास सांगितली होती. २००९ सालीं शिकागोच्या दक्षिणेस सेंट अ‍ॅन या लहान गांवीं एका जोडप्यानें एक ओसाड घर दुरुस्तीसाठीं घेतलें. झाड पडून छपराला भगदाड पडलेलें, आंत चोरांनीं उलथापालथ केलेली. जो भाग कोरडा राहिला होता तेथें हस्तलिखितांचे गठ्ठे निघाले. तें घर म्हणजे प्राइसबाईंचें उन्हाळ्यांतलें बिऱ्हाड. त्या गठ्ठ्यांत दोन व्हायोलिन कंचेर्तो व १९४५ सालीं लिहिलेली चौथी सिंफनी होती. झाड चार हात पलीकडे पडलें असतें तर काय, हा विचार मनांतून काढून टाकणें मला जमत नाहीं. पहिली सिंफनीसुद्धां छापून निघाली ती २००८ सालीं, जलशानंतर ७५ वर्षांनीं. चौथीचा पहिला प्रयोग २०१८ सालीं झाला, आणि तो शिकागो किंवा बोस्टन येथें नव्हे, तर आर्कान्सॉ प्रांतांतील फोर्ट स्मिथ गांवच्या वाद्यवृंदानें केला. ज्या प्रांतानें त्यांना शिक्षकांच्या मंडळांत घेतलें नव्हतें त्याच प्रांतांत. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदानें वाजविलेल्या पहिल्या व तिसऱ्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणास २०२२ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

चौथ्या सिंफनीचा तिसरा भागहि जुबाच आहे. नाताळच्या सुटीपूर्वींच्या शेवटच्या तासाला ती ऐकावयाची आहे. ज्या पालकांना सवड असेल त्यांनीं यावें. मांडीवर ठेका धरण्यास हरकत नाहीं.