पडद्यावरचे चित्र आणि संगणकाची स्मृती

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कार्यालयात ओळखपत्रासाठी छायाचित्र घेतले की ते क्षणार्धात संगणकाच्या पडद्यावर उमटते. चित्र दिसले म्हणजे ते जतन झाले, असा समज सहजच होतो; परंतु तो बरोबर नाही.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे अंकांची मांडणी होय. रंगीत चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे प्रमाण सांगणारे तीन अंक साधारणतः एकेका बाइटमध्ये ठेवतात. आडवे ६४० आणि उभे ४८० बिंदू असलेले लहानसे चित्रही अशा रीतीने स्मृतीत, म्हणजेच मेमरीत, ९,२१,६०० बाइट जागा घेते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या 'आल्टो' संगणकात पडद्यावरील ६०६ गुणिले ८०८ बिंदूंपैकी प्रत्येकासाठी स्मृतीतील एक बिट राखलेला असे. पडद्यावर दिसे ते स्मृतीचेच प्रतिबिंब!

आजही तत्त्व तेच आहे. पायथॉन भाषेतील 'टीकिंटर' या साधनाने खिडकी तयार करताना कॅमेऱ्यातून आलेले चित्र फाइलमध्ये न ठेवताही दाखविता येते. स्मृतीतील अंकांपासून 'फोटोइमेज' नावाची वस्तू बनवून ती खिडकीतील चौकटीला जोडली की झाले. मात्र येथे नवशिके हमखास फसतात. ही वस्तू एखाद्या फंक्शनमधील तात्पुरत्या नावानेच धरलेली असेल, तर फंक्शन संपताच पायथॉन ती निरुपयोगी समजून स्मृतीतून काढून टाकतो. चौकट उरते, चित्र नाहीसे होते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. उपाय सोपा आहे: खिडकी असेपर्यंत चित्राची वस्तू त्या चौकटीच्याच एखाद्या गुणधर्मात धरून ठेवावी.

कार्यालयांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, स्मृतीतील चित्र हे पाटीवरच्या अक्षरांसारखे असते. वीज गेली की ते पुसले जाते. फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये नोंद झाल्यावरच ते दप्तरी दाखल होते. म्हणून छायाचित्र जतन केल्यावर ती नोंद बंद करून पुन्हा उघडून पाहावी आणि मगच समोरच्या माणसाला जाऊ द्यावे. एका मिनिटाच्या या दक्षतेमुळे मजुरी बुडवून आलेल्या माणसाची दुसरी खेप वाचते.