आगोटीचा महिना : एका मोठ्या घराचा अभ्यास

भूगोलाच्या पुस्तकांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा धडा असतो. वारे कोठून येतात, सह्याद्रीला अडून पाऊस कसा पडतो, हें आम्ही शिकवितों आणि विद्यार्थी तें पाठ करतात. परंतु तो पाऊस येण्यापूर्वीं ज्या घरांत अठरा-वीस माणसें जेवावयाचीं असतात, त्या घरांत काय चालतें याचा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत आम्हांस आढळला नाहीं. वास्तविक तो आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टींत, प्रत्यक्ष चालू असतो. तोच येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि पावसाळ्यासाठीं जी बेगमी करावयाची तिलाही लोक आगोटच म्हणतात. मे महिन्याच्या आरंभापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या ७ किंवा ८ तारखेपर्यंत, हें काम चालतें. एकदां पाऊस लागला कीं सप्टेंबरअखेर किनाऱ्यावर सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी पडतें. त्या चार महिन्यांत वाळविणें म्हणून जें जें कांहीं आहे तें सर्व बंद.

पूर्वीं या बेगमीवांचून गत्यंतरच नव्हतें. मुंबईहून रत्नागिरी, मालवण व गोवें यांकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरील आगबोटी पावसाळ्यांत बंद असत. खाड्यांवर पूल थोडे होते. नदीला पूर आला कीं दोन गांवांचा संबंध तुटे. पुढें रस्ते झाले, पूल झाले, १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि आतां ऐन जुलैंतही दुकानांत हवे ते जिन्नस मिळतात. मग आगोट अद्यापि कशाला, असें एखादा विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर त्याच्या परसांतच आहे. रातांबे, फणस आणि आंबे याच महिन्यांत पिकतात, व ते कोणाच्या सोयीसाठीं थांबत नाहींत. आठ दिवसांत त्यांची वासलात लावली नाहीं तर तें सर्व झाडाखालीं कुजून जातें. म्हणजे पावसाची भीति हें एक कारण आणि हातीं आलेलें पीक वायां जाऊं न देणें हें दुसरें. पहिलें कारण आतां बरेंच क्षीण झालें आहे. दुसरें मात्र पूर्वीं होतें तसेंच आहे.

आतां थोडें गणित करूं. समजा, घरांत लहानमोठीं मिळून अठरा माणसें आहेत. दोन्ही वेळच्या जेवणास माणशीं सरासरी चारशें ग्रॅम तांदूळ धरला, तर रोज सात किलो दोनशें ग्रॅम लागेल. पावसाळ्याचे एकशेंवीस दिवस; तेव्हां एकंदर आठशें चौसष्ट किलो. इतका तांदूळ निवडून, उन्हांत तापवून, पुन्हां निववून कणगींत किंवा पिंपांत भरावयाचा. निवविणें महत्त्वाचें आहे. ऊन ऊन धान्य भरून वर झांकण घातलें तर आंतल्या वाफेचें पाणी होतें, आणि ज्या ओलाव्याला घालविण्यासाठीं दिवसभर खटपट केली तोच पुन्हां धान्यांत शिरतो. डाळी-कडधान्यांना एरंडेलाचा हात लावतात, कोणी कडुलिंबाचा पाला घालतात. भिंगऱ्या आणि टोके यांशीं हें घरगुती युद्ध आहे, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानें त्याचा विचार करण्याजोगा आहे.

परंतु या महिन्याचें खरें सूत्र तांदळांत नाहीं. तें अंगणांत आहे. अंगण एकच, आणि ऊन दिवसांतून सहा-सात तासच उपयोगाचें. त्यांत रातांब्यांचीं सालें वाळावयाचीं असतात. रातांबा फोडून बिया व गर निराळा काढतात, गराच्या रसांत मीठ घालतात, सालें त्या रसांत भिजवून उन्हांत टाकतात, वाळलीं कीं पुन्हां रसांत, पुन्हां उन्हांत. असें कित्येक दिवस केल्यावर त्यांचीं काळींभोर आमसुलें होतात. मध्येंच एक दिवस ऊन चुकलें तर बुरशी येण्याची भीति. याच अंगणांत मसाल्याच्या मिरच्या तापवावयाच्या. पण मिरच्यांची धूळ आमसुलांवर जातां कामा नये. याच अंगणांत आंब्याचा रस ताटांत पसरून, थरावर थर देऊन, आंबापोळी करावयाची, तिच्यावर माश्या. बरक्या फणसाचे गरे मऊ असतात. त्यांची फणसपोळी करावयाची, आणि आठळ्या धुऊन कोरड्या करावयाच्या. तांदळाच्या फेण्यांना कडक ऊन लागतें, उडदाच्या पापडाला तें सोसत नाहीं. तो फाटतो, म्हणून त्याला पडवीची सावली द्यावयाची. शिवाय कावळे आणि कोंबड्या आहेतच. त्यांच्यासाठीं घरांतील सर्वांत धाकटा मुलगा काठी घेऊन बसविलेला असतो, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें कावळ्यांपेक्षां तोच अधिक खातो.

कोणत्या दिवशीं काय बाहेर काढावयाचें, हें घरांतील थोरली बाई ठरविते. कोठें ती आजी असते, कोठें थोरल्या काकी. पहांटे उठून ती आभाळाकडे पाहते, वारा कोणत्या दिशेचा आहे तें पाहते, आणि मग म्हणते, "सूनबाई, आज मिरच्या राहूं द्या, दुपारून आभाळ येईल." इतक्या एका वाक्यावर सहा जणांचें दिवसभराचें काम बदलतें. आमच्या शाळेचें वेळापत्रक तयार करण्यास शिक्षकांस कित्येक दिवस लागतात, व तें भिंतीवर लावावें लागतें. हें वेळापत्रक कोठेंही लिहिलेलें नसतें.

आणि तें दिसतें त्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण एक काम दुसऱ्यावर अवलंबून असतें. लोणच्याची कैरी करकरीत असतांनाच फोडली पाहिजे. तेव्हां तें काम सर्वांच्या आधीं. माळ्यावर कांहीं ठेवण्यापूर्वीं छप्पर दुरुस्त झालें पाहिजे. (नळ्यांचीं कौलें असतील तर दरवर्षीं तीं काढून, झाडून पुन्हां शाकारावीं लागतात. १८६५ सालीं बासेल मिशनच्या लोकांनीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि त्या चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनीं पश्चिम किनाऱ्यावरील कित्येक घरांचे हे श्रम पुष्कळ कमी केले. मिशनच्या शाळेच्या मासिकांत ही गोष्ट नमूद करण्यास हरकत नसावी.) लांकडें फोडून व शेणी रचून पडवींत गेल्या पाहिजेत. हीं कामें पुरुषांचीं. आणि सुमारें २५ मेला रोहिणी नक्षत्र लागलें कीं जेथें धूळवाफेची पेरणी करतात तेथें पुरुष शेतांत जातात. म्हणून छप्पर व लांकडें त्यापूर्वींच उरकलीं पाहिजेत. तीं राहिलीं तर शेवटच्या दहा दिवसांत त्यांना हात मिळत नाहीं, आणि फणस तर नेमके तेव्हांच पिकून पडूं लागतात.

याच महिन्यांत मुंबईचे चाकरमानी येतात. याच महिन्यांत लग्नें असतात. अठरांचीं तीस माणसें होतात, आणि विहिरीचें पाणी वर्षांतील सर्वांत खालच्या पायरीवर गेलेलें असतें. पाहुणा हा हात घेऊन येतो कीं केवळ तोंड घेऊन येतो, यावर त्या घराचा महिना पुष्कळसा अवलंबून असतो. मुंबईहून आलेल्या नणंदा आल्याबरोबर पदर खोंचून पोळपाटापाशीं बसतात, हें आम्हीं पाहिलें आहे; त्यांचे यजमान झोपाळ्यावर बसतात, हेंही पाहिलें आहे.

मुंबई, साष्टी व वसई या भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांतही हा महिना असाच धांदलीचा असतो. त्यांचा बाटली मसाला याच दिवसांत होतो. मिरच्या, हळद, धने व कित्येक प्रकारचे गरम मसाले वाळवून, निरनिराळे भाजून, उखळींत कुटतात आणि गडद रंगाच्या कांचेच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड व हवा लागून त्यांचा वास उडत नाहीं. वर्षभराच्या स्वयंपाकाची चव त्या दोन-चार दिवसांवर असते. घरोघर फिरून मसाला कुटून देणाऱ्या बायांचे मुसळ एका लयींत पडतांना ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांना आम्ही काय म्हणतों तें सांगावयास नको.

आतां पुन्हां गणित. अठरा माणसांना एक दिवसाआड एकेक पापड द्यावयाचा म्हटलें तर एकशेंवीस दिवसांस एक हजार ऐंशी पापड लागतील. हात बसलेल्या बाईला एक पापड लाटण्यास दीड मिनिट लागतें असें धरलें, तर सोळाशें वीस मिनिटें, म्हणजे सत्तावीस तास झाले. यांत उडीद दळणें, पापडखार व हिंग घालून पीठ भिजविणें, तें तेलाच्या हातानें कुटणें, लाट्या करणें व वाळलेले पापड डब्यांत भरणें यांतील एक मिनिटही धरलेलें नाहीं. आणि पापड हा या महिन्याच्या यादींतील केवळ एक जिन्नस! रोजचा तीस माणसांचा स्वयंपाक तर निराळाच.

हे तास कोणाच्या हिशेबांत जमा होतात? २०११ च्या खानेसुमारींत जी बाई केवळ घरकाम करते तिची गणना काम न करणाऱ्यांत झालेली आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तींत असें दिसून आलें कीं, घरच्यांसाठीं बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात, आणि तें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें. शिवाय असें काम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१ होत्या, पुरुष शेंकडा २६. हे आंकडे सबंध वर्षाचे व सबंध देशाचे आहेत; आगोटीच्या महिन्यांत मोठ्या घरांतील थोरल्या सुनेचे आंकडे कोणी निराळे काढले असते तर काय दिसलें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक उदाहरण देतों. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गुजराती स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून श्रीमहिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली, व पुढें हजारों स्त्रियांना तींत काम मिळालें. लाटणें तेंच, पोळपाट तोच, उडीद तेच. फरक इतकाच कीं पापड घराबाहेर विकला गेला, म्हणून त्या तासांचा हिशेब कागदावर आला आणि त्यांस श्रम असें नांव मिळालें.

पालकांस आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगावयाची आहे. उन्हाळ्याची सुट्टी शाळा मुलगा व मुलगी दोघांसही सारखीच देते. परंतु पुष्कळ घरांत मुलाची सुट्टी आंब्याच्या झाडावर जाते आणि मुलीची पोळपाटावर. मुलीनें काम करूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. जी मुलगी आजीजवळ बसून एक महिना काम करते ती ओलावा, मीठ, ऊन व बुरशी यांविषयीं जें शिकते तें प्रयोगशाळेंतही सहज येत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, मुलगा त्या विद्येस कां मुकावा? दुपारीं चारच्या सुमारास वळवाचे टपोरे थेंब पडूं लागतात तेव्हां अंगणांतील वाळवण आंत घेण्यास सर्व घर धांवतें. त्या दहा मिनिटांत कोणी मुलगा नसतो, कोणी मुलगी नसते, काका व आजोबाही सुपें उचलतात. तेव्हां हें काम पुरुषांच्या हातून होत नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं सुट्टींतील काम पुढीलप्रमाणें आहे. एक वही करावी. रोज सायंकाळीं थोरल्या आजीजवळ किंवा काकींजवळ बसून त्या दिवशीं काय काय झालें तें विचारावें व लिहावें : कोणतें काम, तें कोणीं केलें, किती वेळ लागला, आणि आजच कां केलें, उद्यां कां नाहीं. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आजी हंसून टाळतील. तरी पुन्हां विचारावें, कारण सर्व विद्या त्याच रकान्यांत आहे आणि ती दुसरीकडे कोठेंही लिहिलेली नाहीं. मापें घरांत जीं चालतात तींच लिहावीं, शेर किंवा पायली असेल तर शेजारीं किलो मांडावे. स्वतः किती मिनिटें काम केलें तेंही प्रामाणिकपणें लिहावें. पहिल्या पानावर घरांतील माणसांची संख्या असावी. पाहुणे निराळे दाखवावे, व त्यांपैकीं कामास कितीजण लागले तें त्यांच्या पुढें मांडावें. शाळा उघडल्यावर वह्या वर्गांत वाचल्या जातील.