पाखरांच्या वेळेला, लेकराच्या चालीने

कर्जतच्या भिसेगावहून कर्नाळा पक्षी अभयारण्य एका दिवसात आरामात होतं. चौकमार्गे पनवेल गाठायचं आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने साधारण 12 किलोमीटर. भिसेगावातलं एक जोडपं सात वर्षांच्या लेकीला घेऊन असंच निघालं, तेही मे महिन्यातल्या रविवारी आणि नाश्तापाणी उरकून. पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. ऊन रणरणत होतं, पाखरं गर्द पानांत गप्प झाली होती आणि पायवाटेवर सहलीचा गलका होता. इथवर आलोच आहोत तर वरचा कर्नाळा किल्लाही करू, म्हणून त्यांनी चढण धरली. अर्ध्या वाटेवर लेकीने बसकण मारली. वडिलांनी तिला कडेवर घेऊन खाली आणलं.

हे टाळणं मुळीच अवघड नव्हतं.

रानातली पाखरं उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास चरतात, गातात, हलतात. ऊन चढलं की सावलीला बसतात. म्हणून भिसेगावातून अंधार असतानाच निघावं. अभयारण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि गाडीही बोलून ठेवावी, कारण एसटी बदलत गेलं तर सकाळ प्रवासातच सरते. ऋतूही पाहावा. हिवाळ्यात पाहुणे माशीमार येतात, तर पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकू येते. ऋतू चुकला तर पाखरं भेटत नाहीत, हे सगळीकडेच खरं: स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावरचे पफिन हे समुद्रपक्षीसुद्धा ऑगस्ट लागता लागता समुद्रावर निघून जातात. त्यानंतर बोटीने तिथे जाणाऱ्या मुलांना त्यांची रिकामी बिळंच दिसतात.

दुर्बिणीकडे तर फारच कमी पालक लक्ष देतात. मोठ्यांची दुर्बीण लहान मुलांच्या डोळ्यांना जुळत नाही. दोन नळ्या कितीही जवळ आणल्या तरी मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी भरतं आणि एका डोळ्याला नुसता काळोख दिसतो. मूल "दिसलं" म्हणतं, पण त्याला काहीच दिसलेलं नसतं. नळ्या पुरेशा जवळ येतील अशी हलकी, आठ पटीची दुर्बीण घ्यावी आणि घरासमोरच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूवर आधी सराव करून घ्यावा.

पहिल्या खेपेला किल्ला वगळलेलाच बरा. त्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा, धूर किंवा उग्र अत्तर म्हणजे जिवाशी खेळ, आणि मूल सोबत असेल तर धावत उतरणंही शक्य नसतं. खाऊ पिशवीबाहेर काढून मिरवू नये, माकडं टपलेली असतात. प्लॅस्टिक घरीच ठेवावं.

खूप हिंडलं म्हणजे खूप पक्षी दिसतात, हा समज मुलांसोबत तर साफ चुकतो. याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, 1930 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी शिडीवर आडोसा करून सुगरणींची एकच वसाहत महिनोन्‌महिने न्याहाळली. नर खोपा अर्धवट विणतो, मादी तो पसंत करते, मग नर तो पुरा करतो आणि पुढच्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो, हा सगळा संसार त्यांना तिथे उलगडला. मुलालाही ओढ्याकाठच्या एका दगडावर अर्धा तास बसू द्यावं, चणे-गूळ खाऊ द्यावा, दिसलेल्या पाखराचं चित्र वहीत काढू द्यावं. आणि अकराच्या आत परतीला लागावं. कर्नाळ्याचा बेत जमत नसेल तर पावसाळ्यात कर्जतच्या भातखाचरांकडच्या झाडांवर सुगरणीचे खोपे शोधावेत. तिथे मात्र फांदी हलवायची नाही आणि खोप्याला हात लावायचा नाही, हे मुलाला निघण्याआधीच सांगावं.